जिंकलीस खरी, पण सभासद कुठे आहेस?

मंडळी, 'चमत्कार' या शब्दाचा मला अलीकडे फार राग यायला लागला आहे. कुणी बारा-पंधरा वर्षं हाडं झिजवून काही मिळवते, त्या बारा-पंधरा वर्षांत आपण तिच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं, आणि मग एक दिवस ती पेपरात दिसली की आपण म्हणून टाकतो, "काय चमत्कार आहे बघा!" यात आपलं न पाहणंही झाकलं जातं आणि तिचं करणंही. एका दगडात दोन पक्षी.

सोफिया पोपोव्ह या जर्मन गोल्फर मुलीबद्दल जगभर हेच झालं. २३ ऑगस्ट २०२० रोजी तिने स्कॉटलंडमधल्या रॉयल ट्रूनच्या मैदानावर महिलांची ब्रिटिश ओपन जिंकली. मेजर म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, आणि मेजर जिंकणारी ती पहिली जर्मन स्त्री. त्या आठवड्याच्या सुरुवातीला जागतिक क्रमवारीत तिचा नंबर होता ३०४. झालं! परीकथा, सिंड्रेला, चमत्कार, नशीब फळफळलं, सगळे शब्द एका रात्रीत बाहेर आले. आणि शब्दांची ही आतषबाजी चालू असताना, जिने हे केलं तिला बक्षिसातला एक मोठा वाटा नाकारला गेला. कारण काय? तर ती सभासद नव्हती.

आजची पोस्ट याबद्दल आहे. गोल्फशी आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध नाही हे मला ठाऊक आहे. आमच्या घराण्यात कुणी काठी हातात घेतली असेल तर ती फार तर चिंचा पाडायला. पण ही गोष्ट मुळात गोल्फची नाहीच, म्हणून वाचा.

आधी थोडं समजावून सांगते. गोल्फमध्ये व्यावसायिक खेळाडू असणं म्हणजे नोकरी असणं नव्हे. कुठल्या स्पर्धेत उतरायला मिळेल हे तुमच्याकडे कुठलं 'कार्ड' आहे त्यावर ठरतं. स्त्रियांसाठी सगळ्यात वरची पायरी म्हणजे अमेरिकेतली एलपीजीए टूर. तिच्या खाली तेव्हा सिमेट्रा टूर होती (२०२२ पासून तिला एप्सन टूर म्हणतात), आणि तिच्याही खाली कॅक्टस टूरसारख्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या छोट्या छोट्या स्पर्धा. वरच्या पायरीवर जायचं तर वर्षाच्या शेवटी एक पात्रता परीक्षा द्यायची. प्रवास, हॉटेल, प्रवेश फी, कॅडीचे पैसे, सगळं स्वतःच्या खिशातून. चार दिवसांच्या स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांनंतर तळातल्या खेळाडू गळतात, त्याला 'कट' म्हणतात. त्यात गळलात तर हातात बहुतेक वेळा भोपळा, विमानाचं भाडं वर.

आता ही 'चमत्कारी' मुलगी मुळात कोण होती ते पाहू. जन्म १९९२ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. वाढली जर्मनीत, हायडेलबर्गच्या जवळच्या भागात, आणि तिथल्याच सेंट लिऑन-रॉट या क्लबात तयार झाली. हा क्लब साधासुधा नाही. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, डीटमार हॉप, यांनी तो उभारला, आणि युरोप विरुद्ध अमेरिका अशी स्त्रियांची सोल्हाइम कप स्पर्धा २०१५ साली तिथेच झाली. २०१० मध्ये, अठरावं वर्षही पूर्ण व्हायच्या आत, सोफिया युरोपची हौशी महिला विजेती झाली. मग अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायला गेली. २०१३ मध्ये त्या विद्यापीठाच्या संघाने राष्ट्रीय आंतरविद्यापीठ विजेतेपद जिंकलं, त्या संघात ती होती. २०१४ मध्ये व्यावसायिक झाली आणि २०१५ मध्ये एलपीजीएवर पोचली.

सांगा बघू, यात आकाशातून पडलेलं काय आहे? ज्या मुलीला अठराव्या वर्षाच्या आत सगळा युरोप ओळखत होता, ती दहा वर्षांनी मोठी स्पर्धा जिंकते, तर विचारायचं असेल तर हे विचारा की मधली दहा वर्षं ती होती कुठे?

ती आजारी होती, हे त्याचं उत्तर. एलपीजीएवरच्या पहिल्याच वर्षात तिची तब्येत ढासळली. थकवा, वजन उतरणं, अंगात काही त्राणच नाही. एका डॉक्टरकडून दुसऱ्या डॉक्टरकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. निदान व्हायला वर्षं गेली, आणि निघाला लाइम रोग. गोचीड चावल्याने होणारा हा जंतुसंसर्ग. वेळेत कळला तर काही आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी बहुधा बरा होतो, नाही कळला तर सांधे, नसा, सगळ्यांना छळतो. ज्या खेळात मनगटाच्या एका अंशाने चेंडू झुडपात जातो, त्या खेळात हे घेऊन उभं राहायचं. कार्ड गेलं. खालच्या टूरवर आली. पुन्हा चढायचा प्रयत्न, पुन्हा घसरगुंडी.

२०१९ च्या शेवटी तिने पात्रता परीक्षा पुन्हा दिली. त्या वर्षी ती नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टला होती, एकूण आठ फेऱ्यांची. आठ फेऱ्या म्हणजे १४४ होल, पाचशेच्या वर फटके. पहिल्या ४५ जणी आणि त्यांच्याशी बरोबरी करणाऱ्या आत, बाकीच्या बाहेर. सोफियाचं कार्ड एका फटक्याने हुकलं. फक्त एका! खेळ सोडायचा विचार तिने त्यानंतर गंभीरपणे केला होता.

हा एक फटका लक्षात ठेवा. त्याचा हिशेब मी पुढे मांडणार आहे.

मग आलं २०२०. करोनाने सगळं बंद पाडलं. मोठ्या टूर थांबल्या, पण अ‍ॅरिझोनातली कॅक्टस टूर चालू राहिली. तिथे ती खेळत राहिली आणि तीन स्पर्धा जिंकली. कुणी पाहिलं नाही. ३१ जुलैला एलपीजीए पुन्हा सुरू झाली, ओहायोतल्या टोलेडोच्या इन्व्हरनेस क्लबवर. सोफियाला त्या स्पर्धेत जागा नव्हती. म्हणून तिने अ‍ॅन व्हॅन डाम या आपल्या डच मैत्रिणीची बॅग उचलली आणि तीन दिवस कॅडी म्हणून तिच्यामागे चालली. पुढच्याच आठवड्यात, त्याच परिसरात, मॅरेथॉन क्लासिक ही स्पर्धा होती. करोनामुळे कित्येक परदेशी खेळाडू आल्या नव्हत्या, यादी खाली सरकली, आणि हिला खेळायला मिळालं. पहिल्या दहांत आली. त्या निकालावर ब्रिटिश ओपनचं दार उघडलं. आणि तिथे जाऊन ती जिंकली.

कॅडी ते विजेती, तीन आठवड्यांत. पेपरवाल्यांना आणखी काय हवं? पण कॅडी म्हणजे कुणी हमाल नव्हे, हे आधी समजून घेतलं पाहिजे. वारा कुठला, अंतर किती, कुठली काठी घ्यायची, हिरवळीचा उतार कुठे, हे सगळं कॅडी बघतो. जर्मनीचा सर्वांत मोठा गोल्फर बर्नहार्ड लँगर, १९८५ आणि १९९३ ची मास्टर्स जिंकलेला, त्याचीही सुरुवात लहानपणी कॅडी म्हणूनच झाली. मैत्रिणीची बॅग उचलण्यात कमीपणा नव्हता. असलाच तर तो अशा व्यवस्थेचा, जिच्यात एवढ्या तयारीच्या खेळाडूला त्या आठवड्यात मैदानावर पाय ठेवायला तेवढाच एक मार्ग उरला होता.

आता ट्रूनकडे येऊ. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे मैदान. तिथला आठवा होल जेमतेम सव्वाशे यार्डांचा, पण हिरवळ इतकी इवलीशी की तिला 'पोस्टाचं तिकीट' म्हणतात. समुद्राचा वारा असा की छत्री उलटी व्हावी. त्या वर्षी पुरुषांची ओपन रद्द झाली होती, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच. स्त्रियांची मात्र झाली, प्रेक्षकांशिवाय. पहिल्या दिवशी वाऱ्याने भल्या भल्या खेळाडूंची दाणादाण उडवली, आणि हिने ७० फटक्यांत फेरी संपवली. नंतर ७२, ६७, ६८. एकूण २७७, म्हणजे पारपेक्षा सात कमी, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या थायलंडच्या जास्मिन सुवन्नपुरापेक्षा दोन फटके पुढे. शेवटच्या दिवशी ती तीन फटक्यांची आघाडी घेऊन उतरली होती. आघाडी घेऊन झोपायचं, सकाळी उठायचं आणि ती दिवसभर सांभाळायची, हे नशिबाचं काम नाही. नशीब एखाद्या होलवर साथ देतं, चार दिवसांच्या ७२ होलवर नाही.

आणि ट्रूनचीही एक गंमत आहे. या क्लबाने स्त्रियांना सभासद करून घ्यायचं कधी ठरवलं? जुलै २०१६ मध्ये. क्लब १८७८ चा, म्हणजे १३८ वर्षं बायकांना सभासदत्व नाही. स्त्रियांचा क्लब शेजारी वेगळा. सेंट अँड्रयूजच्या रॉयल अँड एन्शन्ट क्लबानेही हा निर्णय घेतला तो २०१४ मध्ये. तेव्हा २०२० मध्ये महिलांची ओपन ट्रूनला पहिल्यांदा आली ती दार उघडून जेमतेम चार वर्षं झाल्यावर. बायकांना सभासद नसण्याचा अनुभव देण्यात या खेळाने किती सातत्य राखलंय ते बघा.

बरं, आता मूळ मुद्दा. ब्रिटिश ओपन ही एलपीजीएच्या अधिकृत स्पर्धांपैकी एक. मेजर जिंकणाऱ्या सभासद खेळाडूला तेव्हाच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांचं कार्ड मिळायचं. पाच वर्षं पात्रता परीक्षा नको, जागा पक्की. सोफिया त्या दिवशी एलपीजीएची सभासद नव्हती. म्हणून तिला पाचाऐवजी दोनच वर्षं मिळाली. वरून आणखी एक. कॅलिफोर्नियातली एएनए इन्स्पिरेशन ही मेजर स्पर्धा त्या वर्षी एप्रिलमधून सप्टेंबरमध्ये ढकलली होती. सोफियाचा विजय ऑगस्टचा, स्पर्धा सप्टेंबरची. पण प्रवेशाची यादी एप्रिलचीच धरली गेली. म्हणजे तारीख हलली, यादी हलली नाही. क्रमवारीत ती ३०४ वरून एकदम २४ व्या क्रमांकावर आली होती, ताजी मेजर विजेती होती, आणि तीन आठवड्यांनी होणारी मेजर तिने घरी बसून बघायची होती.

विजय मात्र टूरच्या खात्यात जमा झाला. तिचा फोटो, तिचे अश्रू, तिचा ३०४ हा आकडा, सगळं टूरच्या जाहिरातीला चाललं. गोष्ट आमची आणि जिंकणारी बाहेरची!

हे मी माझ्या मामेभावाला फोनवर सांगितलं. तो बँकेतला माणूस. म्हणाला, "अगं, नियम म्हणजे नियम. तिला आधी माहीत होता ना? मग? खेळ संपल्यावर नियम बदलायचा का?"

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, तेव्हा ते नीट मांडते. एक, नियम आधीपासून लिहिलेला होता, तिच्यासाठी मुद्दाम केलेला नव्हता. दोन, टूर ही सभासदांची संस्था आहे, जागा मोजक्या आहेत, आणि आतल्यांची रोजीरोटी सांभाळणं हे तिचं काम आहे. तीन, आज हिच्यासाठी बदलला तर उद्या दुसरी येईल. टूरच्या बाजूने तेव्हा जे बोललं गेलं तेही साधारण हेच, की हंगाम चालू असताना नियमांना हात लावणं बरोबर नाही.

ऐकायला रास्त वाटतं. पण त्याच वर्षी काय काय बदललं होतं ते आठवा. करोनामुळे २०२० ची पात्रता परीक्षाच रद्द झाली. २०२० च्या सभासदांची कार्डं २०२१ साठी तशीच चालू ठेवली. त्या काळात ते योग्यच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. स्पर्धांच्या तारखा हलल्या, प्रवेशाचे निकष हलले, ब्रिटिश ओपनमधल्या जागा कुणाला कशा द्यायच्या तेही नव्याने ठरलं. म्हणजे हंगाम चालू असतानाच नियम भराभर बदलत होते. फरक इतकाच, की आतल्यांना आधार द्यायला नियम वाकला आणि बाहेरून जिंकून आलेलीच्या वेळी त्याला एकदम ताठ कणा फुटला. नियमाला माझा विरोध नाही. कुणापुढे वाकायचं आणि कुणापुढे ताठ राहायचं हे माणूस बघून ठरवणाऱ्या नियमाला आहे.

आता तो एक फटका काढा बाहेर. २०१९ च्या त्या आठ फेऱ्यांत एक चेंडू बोटभर डावीकडे गेला नसता, तर तिच्याकडे कार्ड असतं. मग ट्रूनला हेच ७०, ७२, ६७, ६८ तिने मारले असते आणि तिला पाच वर्षं मिळाली असती. तेच मैदान, तोच वारा, त्याच प्रतिस्पर्धी, तेच २७७. बदललं असतं फक्त खिशातलं कार्ड. म्हणजे २०१९ मधल्या एका चुकलेल्या फटक्याची किंमत २०२० मध्ये तीन वर्षं लावली गेली, आणि तीही जग जिंकल्यावर! जुनी थकबाकी इतक्या व्याजाने तर आमच्या गावचा सावकारसुद्धा वसूल करत नसेल.

२००३ मध्ये बेन कर्टिस नावाचा अमेरिकन गडी पुरुषांची ब्रिटिश ओपन जिंकला तेव्हा क्रमवारीत ३९६ वा होता, म्हणजे सोफियाच्याही खाली. पण त्याच्याकडे टूरचं कार्ड होतं, म्हणून त्याचं पुढचं सगळं सुरळीत. आणि सोफियाचाच देशबांधव मार्टिन कायमर बघा. २०१० मध्ये पीजीए चँपियनशिप ही मेजर त्याने जिंकली, तेव्हा तो अमेरिकेच्या पीजीए टूरचा सभासद नव्हता. दार त्याच्यासाठी उघडं होतं. त्यानेच २०११ साठी सभासदत्व घेतलं नाही, युरोपातच खेळत राहिला. त्याच्या बाबतीत सभासद व्हायचं की नाही हे तो ठरवत होता. हिच्या बाबतीत ते तिच्यासाठी ठरलेलं होतं.

पैशांचंही तसंच. ट्रूनच्या विजयाचं बक्षीस होतं ६,७५,००० डॉलर. दोनच आठवडे आधी सॅन फ्रान्सिस्कोत पुरुषांची पीजीए चँपियनशिप झाली, ती जिंकणाऱ्या कॉलिन मोरिकावाला मिळाले १९,८०,००० डॉलर. म्हणजे हिच्या जवळजवळ तिप्पट. टीव्हीचे पैसे, प्रायोजक वगैरे कारणं मला माहीत आहेत, आणि महिलांच्या स्पर्धांत तेव्हा ही रक्कम मोठीच होती हेही खरं. पण आधीच तुटपुंज्या ताटातली अर्धी भाकरी 'तू आमच्या पंगतीतली नाहीस' म्हणून काढून घेणं हे त्यातल्या त्यात जास्त लागतं.

आणि ज्या संस्थेने हे केलं तिचा इतिहास बघा. एलपीजीए १९५० मध्ये १३ बायकांनी सुरू केली. पुरुषांच्या व्यावसायिक खेळात त्यांना जागा नव्हती म्हणून. स्वतः गाड्या हाकत गावोगाव जायच्या, स्वतःच मैदानं तयार करून घ्यायच्या, स्वतःच प्रसिद्धी करायच्या. दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय हे ज्यांना सगळ्यात जास्त माहीत होतं त्यांनी हे घर बांधलं. सत्तर वर्षांनी त्याच घराच्या दारावर पाटी, 'फक्त सभासदांसाठी'. घर बांधताना आपण सगळेच म्हणतो की दार सगळ्यांना उघडं असेल. कुलूप नंतर येतं.

मला याचा इतका राग का, असं विचाराल. घरचे वाचतायत म्हणून नाव न घेता लिहिते, ते ओळखतीलच. आमची एक मावशी तालुक्याच्या गावी एका शाळेत बारा वर्षं शिकवत होती. कायम नाही. आधी कुणाच्या तरी रजेच्या जागेवर, मग हंगामी. एप्रिलच्या शेवटी ऑर्डर संपायची, जूनमध्ये नवी. मे महिन्याचा पगार नाही. दहावीच्या गणिताचा निकाल सबंध शाळेत तिचा सगळ्यात चांगला. शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला तेव्हा भाषणात त्या निकालाचा उल्लेख झाला, टाळ्या पडल्या. स्मरणिकेत शिक्षकवृंदाचा फोटो होता, त्यात मावशी नव्हती. फोटो कायम शिक्षकांचा होता. नियमच तसा होता म्हणे. निकाल शाळेचा, मावशी बाहेरची. ट्रूनच्या बातमीत मला तो फोटो दिसला.

म्हणून म्हणते, 'चमत्कार' हा शब्द निरुपद्रवी नाही. चमत्कार म्हटलं की तो पुन्हा होणार नाही असं आपण गृहीत धरतो. आणि जो पुन्हा होणार नाही त्याच्यासाठी नियम बदलायची गरज कुणाला वाटेल? सिंड्रेलाला परी एक रात्र देते, बारा वाजेपर्यंत. सोफियालाही टूरने दिलं ते तसंच, फक्त बारा जरा उशिरा वाजणार होते. तिला कर्तबगार म्हटलं असतं तर तिचा हक्क मान्य करावा लागला असता. नशीबवान म्हटलं की टाळ्यांवर भागतं.

त्या रात्री जर्मनीत काय झालं असेल याची कल्पना करा. त्याच दिवशी, २३ ऑगस्टलाच, लिस्बनमध्ये बायर्न म्युनिकने पॅरिसच्या संघाला १-० हरवून चँपियन्स लीग जिंकली. एकाच रविवारी एका देशाला दोन विजेतेपदं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर कोण असेल हे सांगायला ज्योतिषी नको. सहा लाखांवर नोंदणीकृत गोल्फर असलेला देश तो! तिथे बहुतेक मैदानांवर खेळायला आधी 'प्लात्सरायफं' नावाची परीक्षा पास व्हावी लागते, मोटारीच्या लायसन्ससारखी. कागदाशिवाय गवतावर पाय नाही. अशा देशातल्या मुलीला तरी कागदाची किंमत वेगळी कुणी शिकवायला नको होती :)

पुढे काय झालं तेही सांगते, नाहीतर माझा मामेभाऊ म्हणेल, सोयीचं तेवढंच सांगितलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीकडून ती आणि कारोलिन मासोन खेळल्या. आपल्याकडे त्या स्पर्धेची आठवण वेगळ्या कारणाने आहे. बंगळूरूची अदिती अशोक, जिची बॅग तिच्या आईने उचलली होती, चौथी आली, रौप्य-कांस्याच्या बरोबरीपासून एका फटक्याने मागे. त्या शनिवारी सकाळी पहिल्यांदाच गोल्फ पाहणारे आपण सगळे 'बर्डी' म्हणजे काय ते एकमेकांना विचारत होतो. आणि सोमवारी विसरलो. अदिती तोवर पाच वर्षं व्यावसायिक गोल्फ खेळत होती, हे आपल्याला त्या शनिवारी कळलं. तेव्हा दुसऱ्यांना नावं ठेवताना आपलाही आरसा पुसलेला बरा.

त्यानंतर महिन्याभरात, सप्टेंबर २०२१ मध्ये, सोल्हाइम कप झाला. युरोपच्या संघात सोफिया होती. मैदान कुठलं? टोलेडोचा तोच इन्व्हरनेस क्लब, जिथे तेरा महिन्यांपूर्वी ती मैत्रिणीची बॅग घेऊन चालली होती. युरोपने तो कप १५-१३ असा जिंकला.

पण एलपीजीएवर २०२१ ते २०२४ या वर्षांत तिला दुसरा विजय मिळाला नाही. मधे, २०२३ मध्ये, ती आई झाली. काही लोक हे बोट दाखवून म्हणतात, "बघा, म्हणजे दोन वर्षं दिली तेच बरोबर होतं. एकदाच लागला मटका."

हा युक्तिवाद मला सगळ्यात वाईट वाटतो. बक्षीस झालेल्या कामाचं असतं, होणाऱ्या कामाचा अंदाज बांधून नसतं. एकच मेजर जिंकून नंतर काहीच न जिंकलेले कितीतरी पुरुष आणि स्त्रिया आहेत. त्यांची पाच वर्षं कुणी परत मागितली नाहीत. उलट पाच वर्षांची सोय असते तीच यासाठी की माणूस मधे आजारी पडतो, फॉर्म जातो, बाई आई होते, आणि तरी तिला परत यायला जागा राहावी. ज्या मुलीने आजारपणात कार्ड गमावलं, जिला पुढे बाळंतपणासाठी थांबायचं होतं, तिलाच या सोयीची सगळ्यात जास्त गरज होती. तिलाच ती अर्धवट मिळाली.

२०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये एस्टर हेन्झेलाइट या दुसऱ्या जर्मन मुलीने गोल्फचं रौप्यपदक मिळवलं, न्यूझीलंडच्या लिडिया कोच्या मागे. म्हणजे चार वर्षांत जर्मन बायकांकडून एक मेजर आणि एक ऑलिंपिक पदक. आता याला काय म्हणायचं? चमत्कार दोनदा होत नाहीत, असं ऐकून आहे.

मामेभावाला मी शेवटी एवढंच म्हटलं, "दादा, तू म्हणतोस नियम म्हणजे नियम. मान्य. मग माझा एकच नियम घे. स्पर्धेत उतरवलंत, फी घेतलीत, सगळ्यांच्या बरोबरीने वाऱ्यात उभं केलंत, तर जिंकल्यावर बक्षीसही सगळ्यांच्या बरोबरीचं द्या. नसेल द्यायचं तर पहिल्या दिवशी दारातच सांगा की बाई, तू खेळ, पण तुझा पहिला नंबर हा आमचा पावणेपहिला नंबर."

तो हसला आणि म्हणाला, "बँकेत असं चालत नाही."

ठाऊक आहे मला. शाळेतही चाललं नव्हतं. तुमच्याही ऑफिसात, शाळेत, क्लबात, सोसायटीत अशी कुणीतरी असेल, जिचं काम आतलं आणि नाव बाहेरचं. पुढच्या वेळी तिच्या कामाचा उल्लेख झाला की टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा, फोटोत ती आहे का? नसेल तर टाळ्या राहू द्या. आधी तिला खुर्ची द्या.